कोण हा मेला, आणि सगळ्यांना पाठ कसा?

अहो, ऐकलंत का? ऐकलं असणारच. अंबरनाथच्या मोरिवलीत राहून ऐकलं नाही असं म्हणायची सोयच उरलेली नाही. सकाळी दूधवाल्याच्या मोबाइलवर तेच, दुपारी एमआयडीसीतून जेवायला सुटलेल्या पोरांच्या कानात तेच, रात्री कुणाच्या तरी हळदीत तेच. ज्या पोराला अजून धड 'र' म्हणता येत नाही, ते बोटं नाचवत तेच म्हणतं. आणि जिला दोन पायऱ्या चढायच्या तर गुडघे धरावे लागतात, ती त्याची पणजी खुर्चीत बसल्या बसल्या खांदे उडवते. शिव शिव! बरं, विचारा, गातंय कोण? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. 'असेल कोणीतरी पोरगा.' 'जळगावकडचा आहे म्हणे.' 'चष्मा लावतो तो ना?' 'नाही हो, तो दुसरा.' गाणं घराघरात शिरलंय आणि गाणाऱ्याच्या नावाचा पत्ता नाही! कुळ-गोत्र न विचारता परक्या पोराला असं थेट स्वयंपाकघरापर्यंत आत घ्यायचं, ही कुठली रीत काढलीत?

तर मी चौकशी केली. अशा बाबतीत मला स्वस्थ बसवत नाही. गाणं 'गुलाबी साडी', आलं २०२४च्या फेब्रुवारीत. पोराचं नाव संजू राठोड, जळगाव जिल्ह्यातला. संगीताला जोडीदार जी-स्पार्क. याच संजूनं त्याआधी नऊवारीवर गाणं केलेलं. आधी नऊवारी, मग गुलाबी साडी! आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या, 'हा गवई आहे का कापडवाला?' काकूंचं हसू नका. त्या आठवड्यात त्या उल्हासनगरच्या गजानन मार्केटात गेल्या होत्या, पडद्याचं कापड घ्यायला, आणि आल्या त्या पिशवीत काय घेऊन ते तुम्हीच ओळखा. साठीची बाई! वर मला म्हणतात, 'अगं, रंग बरा होता.'

आता खरी गंमत पुढे. २०२५मध्ये त्याच पोराचं 'शेकी' आलं. आणि काय सांगू, या खेपेला काकूंना नाव ठाऊक! 'संजूचं नवीन आलंय,' म्हणाल्या. बघा, संजू! जणू त्यांच्या आत्याच्या नणंदेचा मुलगा. वर्षभर ज्याला 'कोणीतरी पोरगा' म्हणत होत्या, त्याला दुसऱ्या गाण्यानं एकेरीत नेऊन बसवला. मला वाटतं, पहिल्या गाण्यानं गाणं मोठं होतं आणि दुसऱ्यानं नाव. एका गाण्यावर नाचणारे लाखो असतात, ते चाहते नव्हेत, ते वऱ्हाडी. जेवले, हात धुतले, गेले. दुसऱ्या गाण्याची वाट बघणारा तो चाहता. आणि वऱ्हाड्याचा चाहता कसा होतो, हीच तर सगळी भानगड आहे.

पोरं म्हणतात, सगळा रीलचा खेळ. असेल बाई. स्पॉटिफायवर गाणं तीस सेकंद वाजलं की ते एकदा ऐकलं असं धरतात. मग गवई तरी काय करील? सनई-सतारीची प्रस्तावना कापली, थेट मुखड्यावर उडी. आमच्या वेळी गाणं सुरू होईपर्यंत चहाला आधण यायचं. आता आधण येईपर्यंत गाणं संपून दुसरं लागलेलं असतं. पण रीलनं काय होतं, तर गाणं ओळखीचं होतं. रस्त्यात रोज दिसणारा माणूस ओळखीचा होतो तसं. पण त्याला कुणी घरी जेवायला बोलावत नाही.

'आमच्या वेळी हे असले थेर नव्हते,' असं कुणी म्हणालं की मला फार गंमत वाटते. कारण आमच्या वेळी नव्हते, पण आमच्या आज्यांच्या वेळी याहून भयंकर होते. बालगंधर्व! नारायण श्रीपाद राजहंस, जन्म १८८८. स्त्रीभूमिका करणारा पुरुष, आणि घरंदाज बायका त्याचं बघून साड्या नेसायच्या, त्याच्यासारखा अंबाडा, त्याच्यासारखा गजरा, नाकात तशीच नथ. कल्पना करा हो, पुरुषाकडून नेसायला शिकायचं! नवऱ्यांनी काय म्हटलं असेल? नवरे काही म्हणाले नाहीत, कारण नवरे स्वतःच पहिल्या रांगेत बसून गार झालेले. १९११मध्ये 'मानापमान' आलं, तेव्हापासून पुढची कित्येक वर्षं ही साथ ओसरली नाही. त्या मानानं आमच्या काकूंची एक गुलाबी साडी म्हणजे काहीच नाही. उलट परंपरेला धरूनच आहे.

आणि एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. बालगंधर्व समोरच्या माणसाला 'देवा' म्हणायचे. प्रेक्षक म्हणजे मायबाप. आता गाणारा तो देव, आणि तोच तुम्हाला देव म्हणतोय म्हटल्यावर पाघळणार नाही तो मराठी माणूस कसला!

रेडिओचंही तेच. १९५५च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवर 'गीतरामायण' सुरू झालं. गदिमांचे शब्द, बाबूजींची चाल, वर्षभर, छप्पन्न गाणी. लोकांनी काय केलं? रेडिओला हार घातले, उदबत्त्या लावल्या. यंत्राला! आज पोरांनी मोबाइलला हार घातला तर आपण त्यांना डॉक्टरकडे नेऊ. पण खुबी कशात होती? वाट बघण्यात. आठवडाभर थांबायचं, मग एक गाणं. पुढल्या आठवड्यात रामाचं काय होणार हे सगळ्यांना ठाऊक, तरी घरं कामं टाकून बसायची. हीच ती दुसऱ्या गाण्याची वाट, छप्पन्न वेळा बघायला लावलेली.

नावाचं म्हणाल तर गाण्यातच नाव पेरायची अक्कल गाणाऱ्यांना आपल्या आधीपासून होती. १९०२मध्ये कलकत्त्याला गौहर जानच्या तबकड्या ध्वनिमुद्रित झाल्या, तर बाई गाण्याच्या शेवटी ठसक्यात इंग्रजीतून स्वतःचं नाव सांगायची. कारण मोठं व्यावहारिक. तबकड्या छापायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगारांना कळायला हवं ना कुठली चकती कुणाची! पण व्यवहाराला केलेली गोष्ट कानाला चिकटली. बाईंचं नाव गाण्यासकट घरोघर गेलं. आपल्याकडे तर अभंगाच्या शेवटी 'तुका म्हणे' आहेच, शाहिरांच्या कवनातही शेवटच्या कडव्यात नाव आहेच. आज डीजेवाला पोरगा गाण्याच्या मधोमध स्वतःचं नाव घोगऱ्या आवाजात तीनदा ओरडून घेतो, त्याला मी नाकं मुरडत होते. पण वंशावळ बघितली तर पोरगं फार थोर घराण्यातलं निघालं की हो!

पण खरं सांगू? तुकोबांचं, गौहरबाईंचं, डीजेचं, सगळ्यांचं नाव ऐकूनही माणूस लगेच चाहता होत नाही. कशानं होतो ते बघायचं तर आमच्याकडे हळदीला या.

मोरिवली म्हणजे काय, एका बाजूला कारखान्यांची धुरांडी, दुसऱ्या बाजूला टॉवर, आणि मध्ये जुनं गाव. या पट्ट्यात आगरी समाज मोठा, आणि आगऱ्यांच्या लग्नात लग्नापेक्षा हळद मोठी. 'हलद' म्हणायचं बरं का, आमच्यासारखं ळ लावून नाही. पूर्वी धवलारीण बाई धवले गायची, आजही बऱ्याच घरी गाते. लग्नाचे विधी बाईच्या गळ्यातून व्हायचे, भटजीची वाट बघायची नाही. ती देवांना बोलावणार, नवरानवरीला गाण्यात घेणार. आता तिच्या जोडीला मांडवाबाहेर बेंजो पार्टी आली. बेंजो, कॅसिओ, ऑक्टोपॅड, ढोलकी, आणि माइक हातात घेतलेला एक गायक. मटणाचा वास, अंगावरचं सोनं, एकसारख्या साड्या नेसलेल्या बायकांची रांग. वडीलधारे दर हंगामात सांगतात की हळदीचा खर्च आवरा, आणि दर हंगामात तेच वडीलधारे पहिल्या खुर्चीत बसलेले असतात. मी काही बोलत नाही. मलाही आमंत्रण असतं.

तर अशाच एका हळदीच्या रात्री एक नवाच गायक आलेला. कुणी ओळखत नाही. पहिली दोन गाणी म्हटली, चांगली म्हटली, लोक मटणाच्या रांगेत. गळा गोड, पण गोड गळ्याचं कुणाला काय पडलंय? तिसऱ्या गाण्याच्या आधी त्याच्या हातात कुणीतरी चिठ्ठी सरकवली. आणि त्यानं चालीत घेतलं: नवऱ्याच्या मामाचं नाव, मग थोरल्या काकाचं, मग आत्याचं, मग 'मोरिवलीकर' अशी लांबलचक तान. अहो, काय सांगू! मामा ताट खाली ठेवून उठले. आत्याबाईंनी पदर खोचला. शंभराच्या नोटा निघाल्या. ज्या मामांना कुणी घरात 'जरा तो पंखा लावा' म्हणण्यापलीकडे हाक मारत नाही, त्यांचं नाव चार भोंग्यांतून चिखलोलीपर्यंत गेलं. तमाशात दौलतजादा चालायची ती याच मोहापायी. पैसा देणाऱ्याचं नाव पुकारलं जाणार, चारचौघांत. नोट गाण्याला नसतेच, नोट स्वतःच्या नावाला असते. मी हे तोंडावर पदर धरून बघत होते, आणि धक्क्यानं माझा पापलेटचा तुकडा गार झाला.

दुसऱ्या दिवशी गावातल्या पोरांच्या मोबाइलमध्ये त्या गायकाचा नंबर. पुढल्या हळदीला 'तोच आणा'. मग ही पोरं त्याच्यामागे बदलापूरला, कल्याणला, बिनआमंत्रणाच्या हळदींना. झाले चाहते! गायकाचं नाव ऐकून झाले नाहीत हो. गायकाच्या तोंडून आपलं नाव ऐकून झाले. बालगंधर्वांचं 'देवा' आठवलं ना? सांगितलं होतं, लक्षात ठेवा म्हणून.

या वाटेनं माणूस किती पुढे जातो तेही बघा. आगरी-कोळी गाण्यांचे दादूस, म्हणजे संतोष चौधरी, याच हळदी-लग्नांच्या दुनियेतले. अंगावर इतकं सोनं की लोकांनी त्यांना महाराष्ट्राचे बप्पी लाहिरी ठरवलं. २०२१मध्ये ते मराठी 'बिग बॉस'च्या घरात जाऊन बसले आणि ज्यांनी जन्मात हळद बघितली नाही त्यांनाही दादूस कळले. आता त्या सोन्यावर बोलावं का? बोलायला हवं खरं तर. पण 'दादूस' या हाकेतच सगळं आलं. ज्याला तुम्ही पहिल्या भेटीत दादूस म्हणता, त्याच्या सोन्याचा हिशेब कोण मागणार?

हे सगळं मी आमच्या घरातल्या शिकलेल्या भाच्याला सांगितलं, तर तो म्हणाला, 'मावशी, यावर प्रयोग झालाय.' झालाय म्हणे! अमेरिकेत, कोलंबिया विद्यापीठात. मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स हे तिघे विद्वान, निबंध छापला २००६ साली 'सायन्स'मध्ये. त्यांनी कुणी न ऐकलेल्या बँडची ४८ गाणी घेतली आणि चौदा हजारांवर लोकांना ऐकवली. आवडलं तर उतरवून घ्या. काहींना नुसती गाणी दिसत. बाकीच्यांना वेगवेगळ्या आठ गटांत टाकलं, आणि आपल्या गटातल्या किती जणांनी कुठलं गाणं उतरवलं हा आकडा त्यांना दिसत असे. म्हणजे समजा आठ मोरिवल्या, एकीचं दुसरीला ठाऊक नाही. गाणी तीच, सुरुवात सगळीकडे शून्यापासून. आणि झालं काय, तर गावागावांत गाण्यांचे क्रम वेगळे लागले! एक गाणं, स्वतंत्रपणे ऐकणाऱ्यांच्या मते मधलंच, सव्विसावं, ते एका गटात पहिलं आणि दुसऱ्यात चाळिसावं. फारच उत्तम गाणं अगदी तळाला जात नाही, फारच भिकार वर टिकत नाही, पण मधल्या सगळ्या गर्दीचं नशीब म्हणजे सुरुवातीला कुणी हात वर केला यावर.

या लोकांचा चावटपणा इथं संपला नाही. त्यातल्या दोघांनी पुढे आकडे मुद्दाम उलटे करून दाखवले. तळातलं वर, वरचं तळाला. काही गाणी त्या खोट्या बोलबाल्यावर खरंच तरली. पण सगळ्यात चांगलं गाणं हळूहळू वर आलंच, आणि एकूण गाणी उतरवून घेणंच कमी झालं. लोकांना बोलता आलं नाही, पण वास आला. आमच्या काळ्या पाण्याच्या वालधुनी नदीकाठी राहणाऱ्यांना हे समजवायची गरज नाही. विकत घेतलेल्या लाइक्सवर नाव कमावू बघणाऱ्यांनी मात्र ते कागदावर लिहून आरशाला चिकटवावं.

भाचा जिंकल्यासारखा बघायला लागला, 'म्हणजे सगळं गर्दीचंच ना?' मी म्हटलं, अरे, तुझ्या विद्वानांनी गाणं उतरवून घेणारे मोजले. वऱ्हाडी मोजले. त्यातले दुसऱ्या गाण्याला किती परत येतात, हे या आकड्यांत कुठे आहे? भाच्यानं मोबाइल काढला. म्हणजे उत्तर नव्हतं.

चाहता कसा होतो याचा दुसरा नमुना बघायचा तर सकाळी मुंबईकडे जाणाऱ्या लोकलमध्ये चढा. बदलापूर, अंबरनाथहून निघणाऱ्या गाडीत एखादा डबा भजनी मंडळाचा असतोच. ढोलकी, टाळ, खिडकीला लावलेला देवाचा फोटो. नवा प्रवासी पहिल्या दिवशी कपाळाला आठ्या घालून बसतो. झोप हवी असते बिचाऱ्याला, आणि त्याची तक्रार चुकीची नसते. आठवडाभर हे चालतं. मग एक दिवस गर्दीत कुणीतरी त्याच्या हातात टाळ देतो, 'जरा धरा हो, मी पिशवी ठेवतो.' पिशवी ठेवणारा परत मागतच नाही. कुर्ल्यापर्यंत आमचे हे गृहस्थ टाळ वाजवताहेत. महिन्याभरानं त्यांना दुसऱ्या डब्यात बसवा बरं! चार दिवस गाडी चुकली तर मंडळाचे लोक घरी फोन करतात. रेकॉर्ड कंपनीनं कोट्यवधी खर्चून एवढी ओढ लावून दाखवावी.

रॅपवाल्या पोरांचीही खोड तीच, ऐकणाऱ्याला आपलंसं करायची. आधी मला वाटायचं, हे नुसतं भांडण आहे, चालीत लावलेलं. पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन २०२३च्या फेब्रुवारीत हिंदी 'बिग बॉस' जिंकला, तेव्हा जाणकार गाणी ऐकून ऐकून विचारत बसले की यात आहे काय. ज्या पोरांनी मतं टाकली ती कुठल्या ना कुठल्या ताडीवाला रोडवर राहणारी होती. त्याच्या तोंडचा 'शेमडी' हा शब्द त्यांनी आईच्या समोर कधी उच्चारला नसेल, तो टीव्हीवर ऐकला आणि गहिवरली! मला ते केस आणि त्या साखळ्या अजून सोसत नाहीत, सोसणारही नाहीत. पण वस्तीचं नाव अभिमानानं घेणारा गवई वस्तीचा होतो, हे नाकारून कसं चालेल? आमच्या वालधुनीच्या काळ्या पाण्यावर, कारखान्याच्या तिसऱ्या पाळीवर कुणी पोरगा तसं गायला, तर मी स्वतः पदर खोचून जाईन. शेवटच्या रांगेत उभी राहीन, पण जाईन.

याच न्यायानं अंबरनाथच्या शिवमंदिराच्या महोत्सवाचंही सांगून टाकते. १०६० सालचा शिलालेख असलेलं शिलाहारांचं देऊळ, त्याच्या परिसरात रोषणाई, आणि मंचावर नामवंत. मी जाते, तुम्हीही जा. पण तिथं आपण जातो ते आधीच चाहते होऊन. नवा गवई तिथं सापडायचा नाही. नवा गवई सापडतो तो मटणाच्या रांगेत, लोकलच्या दारात, नाहीतर तीन पिढ्यांच्या कॅसेटच्या खोक्यात. प्रल्हाद शिंदे आजीला, आनंद-मिलिंद शिंदे आईला आणि आदर्श शिंदे नातवाला. काही घरांत चाहतेपण वाडवडिलांच्या भांड्यांसारखं आपसूक मिळतं, त्यात तुमच्या निवडीचा प्रश्नच येत नाही.

आणि गळा? रियाझ? हो हो, लागतो ना. तो नसेल तर दुसरं गाणं तरी कुठून येणार? पण लोकांनी पहिल्यांदा मान वर करून बघावं, यासाठी नुसता गळा पुरत नाही, हे मी स्वतः मटणाच्या रांगेत उभी राहून बघितलेलं आहे.

तेव्हा गाऊ बघणाऱ्या पोरापोरींनो, आमच्याकडे येणार असाल तर दोन गोष्टी करा. मांडवात शिरल्या शिरल्या यजमानांकडून मामा, काका, आत्यांची नावं नीट लिहून घ्या. एक जरी आत्या राहिली तरी तुमचं काही खरं नाही. आणि रात्री दहाच्या आत आटपा, त्यानंतर भोंग्याला कायद्यानं बंदी आहे.